उल्हास नावाचे नगर आणि दुःखाची ग्राह्यता

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एका नव्या नगराची कोनशिला बसली, आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर असे ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी उभारलेल्या दोन हजारांहून अधिक बराकी तेथे होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे त्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटत होती. नाव नदीचे खरे. पण शब्द आपला अर्थ मागे ठेवून येत नाही. घरदार, गाव, नदी आणि भाषेचा भूभाग या सर्वांना एकाच वेळी मुकलेल्या माणसांच्या वस्तीला शासनाने 'उल्हास' हे नाव दिले, यात दुष्टावा नव्हता. उलट सदिच्छाच होती. मात्र ही सदिच्छा एका विशिष्ट जातीची आहे, आणि तिचा इतिहास तपासण्यासारखा आहे.

निर्वासितांचे नुकसान मोजण्याची यंत्रणा शासनाने तत्परतेने उभी केली. १९५० मध्ये दाव्यांचा कायदा झाला, १९५४ मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा. किती जमीन, किती खोल्यांचे घर, कोणते दुकान, याचे रकाने भरले गेले. ज्याला रकाना नव्हता ते नुकसान मोजले गेले नाही. दुसरीकडे, आश्रय मागणारा अशी छटा असलेला 'शरणार्थी' हा शब्द या लोकांना बोचत असे. स्वतःस 'पुरुषार्थी' म्हणवून घेणे त्यांना अधिक मानाचे वाटे. त्यांनी तो शब्द सार्थही करून दाखवला. बराकींतून कारखाने निघाले, बाजार उभे राहिले, आणि शेजाऱ्यांनी त्यावर 'मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोद केला. तो विनोद आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्यामागे काय गाडले गेले आहे याची चौकशी मराठी वाचकाने सहसा केली नाही. सिंधी लेखकांनी ती केली. उल्हासनगरात राहून लिहिणारे मोहन कल्पना यांच्या 'उहा शाम' या कादंबरीला १९८४ साली, आणि पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्राला १९८२ साली साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पण लोकलने दोन स्थानके अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाचनात ही नावे क्वचितच येतात.

'झाले गेले विसरा, कामाला लागा' हा उपदेश उल्हासनगरला शासनाने केला, समाजाने केला आणि उल्हासनगरने स्वतःलाही केला. तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण माणसे तगली. प्रश्न एवढाच की, असह्य भावनेने ग्रासलेल्या माणसाला केवळ बदलण्याचा उपदेश पुरतो का? नेमक्या याच प्रश्नावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक मानसोपचारपद्धती उभी राहिली, आणि तिच्या प्रकाशात आपल्या वाङ्मयाकडे व आपल्या गावांकडे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, मराठीत सांगायचे तर द्वंद्वात्मक वर्तनोपचार, ही पद्धती सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी घडवली. १९७० आणि ८०च्या दशकांत त्या वारंवार आत्मघाताचा प्रयत्न करणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर उपचार करीत होत्या. त्या काळी प्रतिष्ठित असलेला वर्तनोपचार हा पूर्णतः बदलाचा उपचार होता: तुमच्या वागण्यात अमुक दोष आहे, विचारात तमुक चूक आहे, ती अशी दुरुस्त करा. या रुग्णांना ते सहन होईना. 'म्हणजे दोष माझाच' एवढेच त्यांच्या कानी पडे. त्या संतापत, गप्प होत, उपचार सोडून जात. मग लिनहान यांनी उलट टोक धरून पाहिले, केवळ समजून घेण्याचे, ऐकण्याचे. तेव्हा रुग्ण विचारू लागले, 'मी जळते आहे आणि तुम्ही नुसते हो हो म्हणता?' दोन्ही टोके एकेकटी निरुपयोगी ठरली. तुम्ही आहात तशा असण्याला कारण आहे, आणि तरीही तुम्हाला बदलावे लागेल, ही दोन विधाने एकाच वेळी, एकाच बैठकीत खरी मानणे म्हणजे या पद्धतीतील द्वंद्व. 'द्वंद्वात्मक' हे विशेषणही लिनहान यांना स्वतःहून सुचलेले नव्हते. त्यांच्या कार्यालयातील एका सहकारी स्त्रीचा नवरा मार्क्सवादी तत्त्वज्ञ होता. तुमची पद्धत द्वंद्वात्मक आहे, हे त्या सहकारी स्त्रीने त्यांच्या लक्षात आणून दिले. द्वंद्वात्मक भौतिकवादावरील पुस्तिका वाचून वाढलेल्या आपल्याकडच्या एका पिढीला ही हकिकत वाचून गंमत वाटेल.

१९९१ मध्ये त्यांच्या पहिल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या उपचारानंतर आत्मघाती कृत्ये कमी झाली, रुग्णालयातील दिवस घटले, आणि मुख्य म्हणजे स्त्रिया उपचारात टिकून राहिल्या. १९९३ मध्ये ग्रंथ आला. पद्धतीचा सांगाडा थोडक्यात असा: आठवड्याला एक व्यक्तिगत बैठक, एक कौशल्यवर्ग, अडचणीच्या क्षणी उपचारकाला फोन करण्याची मुभा, आणि उपचारकांसाठीही आपसातली साप्ताहिक सभा, कारण असे रुग्ण सांभाळताना उपचारकच कोसळतो हे लिनहान यांनी गृहीत धरले होते. कौशल्ये चार प्रकारची: सजगता, संकटाचा क्षण निभावणे, भावनांचे नियमन आणि नातेसंबंधांत आपले म्हणणे मांडणे. त्यांतील काही अगदी साधी आहेत. भावना अनावर झाली की श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरायचा. पाण्यात बुडी मारताना शरीराची जी स्वाभाविक प्रतिक्रिया होते ती जागी होऊन हृदयाचे ठोके मंदावतात आणि विचार करण्याइतकी उसंत मिळते. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय हे करू नये, असेही तेथेच बजावलेले असते. रुग्ण रोज एका तक्त्यात भावनेची तीव्रता आणि वर्तन यांची नोंद ठेवतो आणि बैठक त्या तक्त्यापासून सुरू होते.

लिनहान यांची मांडणी अशी की, काही माणसे जन्मतः अधिक संवेदनशील असतात. त्यांना भावना लवकर येते, जोरात येते आणि ओसरायला वेळ लागतो. हा एकटा दोष नव्हे. परंतु अशा माणसाला 'एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस', 'नाटक पुरे' असे म्हणणाऱ्या घरात वाढावे लागले, तर आपल्याला जे वाटते ते खरे आहे की नाही हेच त्याला कळेनासे होते. मग लक्ष वेधण्यासाठी भावनेला टोक गाठावे लागते, आणि टोक गाठले की घर म्हणते, पाहा, सांगत नव्हतो? या चक्राचा छेद म्हणजे रुग्णाचे म्हणणे ग्राह्य धरणे. येथे एक बारकावा आहे. ग्राह्य धरायचे ते जे ग्राह्य आहे तेवढेच. दुःख ग्राह्य आहे, त्याचे कारण ग्राह्य आहे. त्यापोटी स्वतःला इजा करणे ग्राह्य नाही.

२०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लिनहान यांनी जाहीर केले की १९६१ साली सतरा वर्षांच्या असताना हार्टफर्डच्या ज्या मनोरुग्णालयात त्यांना दोनहून अधिक वर्षे ठेवले होते, विजेचे झटके दिले होते, एकांत खोलीत कोंडले होते, तेथेच त्या आज उभ्या आहेत. २०२० मध्ये 'बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग' हे त्यांचे आत्मकथन आले. उपचारशास्त्राच्या इतिहासात रुग्णाच्या खाटेवरून लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. रुग्णाच्या खाटेवरून निघालेली उपचारपद्धती विरळा.

आता मराठीकडे येऊ. तीव्र भावनांसाठी आपल्या भाषेजवळ विलक्षण शरीरनिष्ठ शब्दसंपदा आहे: अंगाचा तिळपापड होतो, काळजाचे पाणी होते, जीव टांगणीला लागतो, डोक्यात राख घातली जाते. भावना कोठे आणि कशी होते याचे वर्णन करण्यात मराठी कधी कमी पडली नाही. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. या भावनेचे काय करायचे, यासाठी आपल्याकडे जी क्रियापदे आहेत ती बहुतेक दडपण्याची आहेत. राग गिळायचा, दुःख पोटात घालायचे, अपमान सोसायचा. बायकांच्या वाट्याला तर 'सोसणे' हे क्रियापद सद्गुण म्हणूनच आले. त्यामुळे लिनहान यांची 'आमूलाग्र स्वीकार' ही संकल्पना मराठीत आणताना मोठा धोका संभवतो. ऐकणारीला वाटेल, पुन्हा सोसायलाच सांगतात. वस्तुतः स्वीकार म्हणजे वास्तव जसे आहे तसे आहे एवढे कबूल करणे. त्याला संमती देणे नव्हे. नवरा मारतो हे स्वीकारल्याशिवाय त्याच्यापासून दूर जाण्याची तयारी सुरू होत नाही. सोसणारी मात्र ते नाकारूनच सोसत असते, आज ना उद्या सुधारेल या आशेवर. हा फरक अनुवादकाने शब्दाशब्दाला जपला पाहिजे. मला स्वतःला 'स्वीकार'पेक्षा 'कबुली' आणि व्हॅलिडेशनसाठी 'ग्राह्यता' हे शब्द अधिक निर्धोक वाटतात. ग्राह्यतेला कोर्टकचेरीचा वास आहे हे खरे, पण तो येथे कामाचाच आहे, हे पुढे दिसेल.

बदल आणि कबुली या दोहोंची सांगड आपल्या परंपरेत नव्हती असे मात्र नाही. गीतेचा दुसरा अध्याय आणि सहावा अध्याय शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी खचलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण धिक्कारतो; हे दौर्बल्य तुला शोभत नाही म्हणतो. परिणाम काय होतो? अर्जुन उठत नाही. तो आपली बाजू आणखी मांडतो आणि शेवटी मी लढणार नाही म्हणून गप्प बसतो. सहाव्या अध्यायात तोच अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणार कसे? या वेळी कृष्ण प्रथम निःसंदिग्ध होकार देतो. मन आवरायला कठीण आहे, चंचल आहे, यात शंका नाही, असे म्हणून मगच अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतो. उपदेश तोच, गुरू तोच. क्रम बदलला आहे. ज्ञानेश्वर १२९०च्या सुमारास यावर लिहिताना तो होकार गाळत नाहीत, अधिक ठसठशीत करतात, आणि पुढे मूळ गीतेत नसलेली एक गोष्ट सांगतात: या मनाची एक बाजू चांगली आहे, जेथे त्याला गोडी लागते तेथे ते सवयीने वळते, तेव्हा त्याला कौतुकाने त्या सुखाकडे नेत जावे. मनाच्या ज्या स्वभावाला दोष दिला जात होता त्यातच उपायाची मुळी सापडणे, हे ज्ञानेश्वरांचे खास देणे आहे. वर्गात सहावा अध्याय शिकवताना कुंडलिनीच्या वर्णनात आपण इतके गुंततो की या ओव्या बहुधा राहून जातात.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांचे नशीब वेगळे. दोनशे पाच श्लोकांचे हे प्रकरण मनाला थेट हाक मारून लिहिलेले आहे, आणि ती हाक तुच्छतेची नाही. मनाला सज्जन म्हणून संबोधले आहे. एखाद्याला सुधारायचे असेल तर आधी त्याच्या चांगुलपणावर विश्वास ठेवावा लागतो, हे त्या संबोधनात गृहीत आहे. परंतु शाळांच्या पाठांतरस्पर्धांतून पिढ्यान् पिढ्या उतरताना या श्लोकांतील आज्ञार्थ तेवढा शिल्लक राहिला. हे कर, ते टाक. संबोधनातील आदर विरून गेला. ज्या 'करुणाष्टकां'त तेच रामदास स्वतःच्या तळमळीची उघड कबुली देतात, ती आपण वेगळ्या कप्प्यात, संध्याकाळच्या प्रार्थनेत ठेवली.

या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात इतकी का रुजली हे कळते. १९५५ पासून एलिस सांगत होते की भावना घटनेतून थेट येत नाही, घटनेविषयीच्या आपल्या आग्रही समजुतींतून येते; समजूत तपासा, भावना बदलेल. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती येथे शिकवली. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू करून हा विचार मध्यमवर्गीय घरांत नेला. ठाणे हे नाव उच्चारले की केवळ तेथील मनोरुग्णालय आठवावे आणि 'ठाण्याला पाठवा' हा शिवीवजा वाक्प्रचार व्हावा, अशा जिल्ह्यात हे घडले, याचे मोल फार आहे. आगरकरांपासून बुद्धिवादाची ओढ असलेल्या मराठी वाचकाला विवेकाची भाषा परकी वाटली नाही. अर्थात, एलिस यांच्याकडेही विनाअट आत्मस्वीकाराला मध्यवर्ती स्थान आहे. पण आपण घेतले ते प्रामुख्याने विवेकाचे हत्यार. ज्याची भावना मध्यम तीव्रतेची आहे त्याला ते उत्तम चालते. जिचे सर्वांग पेटले आहे तिला त्या क्षणी समजूत तपासायला सांगणे म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभाकडे परत जाणे होय.

लिनहान यांच्या पद्धतीचा दुसरा पाय, सजगता, त्यांनी झेन साधनेतून घेतला. झेनच्या मागे बौद्ध परंपरेतील 'सति' आहे, आणि या शब्दासाठी माइंडफुलनेस हा इंग्रजी पर्याय ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये रूढ केला. मराठीत हा विषय अमेरिकेहून येण्याची गरज नव्हती. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी 'बालबोध मेवा' मासिकातील बुद्धचरित्र वाचून अस्वस्थ झाले, घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे फिरले, पुढे हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या ध्यानमार्गावरील ग्रंथाच्या संपादनात बसले, आणि १९२५ मध्ये त्यांनी मराठीत 'समाधिमार्ग' लिहिला. १९२४च्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी आपले औदासीन्य आणि संसारात न रमणारे मन झाकून ठेवलेले नाही. बौद्ध ध्यानाची मराठी परिभाषा हवी असणाऱ्याने प्रथम कोसंबींकडे जावे. आपल्या लोकलच्या भूगोलातही हे दोन मार्ग आहेत म्हणायचे: कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे जातो, आणि दुसरा कसाऱ्यावरून इगतपुरीला, जेथे १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. (तीव्र आत्मघाती अवस्थेतल्या माणसाने दहा दिवसांच्या मौनात थेट जाऊन बसणे हितावह नाही, हेही सांगून ठेवले पाहिजे. लिनहान यांनी ध्यानाचे लहान लहान, काही मिनिटांचे तुकडे केले ते याच कारणासाठी.)

कोर्टकचेरीचा उल्लेख वर आला. आत्मघाताचा प्रयत्न करणाऱ्याशी शासन कोणत्या भाषेत बोलते हे पाहायचे तर भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ पाहावे. वाचलेल्या माणसाला त्यात एक वर्षापर्यंत कैद होती. या कलमाला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. १९८१च्या अपघातात डोक्याला मार लागून मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाने १९८५ मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव देण्याचा प्रयत्न केला. बायकोला भाजीचा गाळा लावू द्यावा एवढी त्याची मागणी होती. 'मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, हे कलम घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज आहे, हा त्यामागचा विचार होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय दिला आणि १९९६ मध्ये फिरवला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम उरले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. म्हणजे आयुक्तांच्या दारातला तो शिपाई आज कोणत्या बाजूला पडला असता, हा वाद घालण्याजोगा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. कायद्याच्या भाषेत 'तीव्र ताण' हे गृहीतक यायला मुंबईच्या निकालानंतर एकतीस वर्षे लागली.

निर्वासितांनी वसलेल्या उल्हासनगरच्या पुढे अंबरनाथ काडेपेटीच्या आणि शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांवर वाढले. बदलापूर, मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्यांचे गाव झाले. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी त्याच्या नावाची लोकव्युत्पत्ती सांगतात. तिन्ही ठिकाणी बहुसंख्य माणसे दुसरीकडून आलेली आणि दिवसाचे तीन-चार तास डब्यात उभी असलेली. 'सवय होईल' हे येथले सर्वांत वापरले जाणारे सांत्वन आहे.

लिनहान यांच्या भावनानियमनात एक पायरी अशी की, भावना उठली की प्रथम वस्तुस्थिती तपासायची. भावना वस्तुस्थितीशी जुळत नसेल तर तिच्या उलट कृती करायची. जुळत असेल तर मन शांत करीत बसायचे नाही, प्रश्न सोडवायचा. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले आणि लोकल दिवसभर बंद राहिल्या. एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले होते. आंदोलक बाहेरचे होते, हे राजकारण आहे, असे त्या संध्याकाळपासूनच म्हटले जाऊ लागले. दगडफेकीचे समर्थन कोणी करू नये. प्रवासी अडकले, माणसे जखमी झाली. पण संतापाचे कारण तपासले तर ते वस्तुस्थितीशी जुळत होते. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली, तक्रार नोंदवण्यातील दिरंगाईबद्दल पोलिसांना फटकारले, आणि दुसऱ्या मुलीचा जबाब अद्याप का घेतला नाही, असे विचारले.